आधी डॉक्टरांनी आ करायचा

मी दातांचा डॉक्टर आहे. हे वाक्य मी गेल्या काही महिन्यांपासूनच ताठ मानेने म्हणू लागलो आहे. त्याआधी माझ्याच घरात एक व्यक्ती अशी होती, की तिच्या सांगण्यानुसार मी लिफ्ट दुरुस्त करत होतो.

ती व्यक्ती म्हणजे माझी मुलगी. वय आठ, इयत्ता तिसरी. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात. पुढे शाळेतही तेच नाव रूढ झालं.

मला हा प्रकार कळला तो पालकसभेत. एरवी सभेला तिची आई जाते. आईचं चष्म्यांचं दुकान आहे, आणि दुकानातून रंगीत फ्रेमा आणते म्हणून वर्गात तिचा भाव कायम वधारलेला असतो. त्या दिवशी तिला गिऱ्हाईक सोडून निघता येईना, म्हणून मी गेलो. वर्गाच्या सरांनी मला पाहिलं आणि ते दोन्ही हात पुढे करून धावतच आले.

"तुम्ही भिंगरीचे बाबा ना? अगदी वेळेवर आलात! आमच्या नव्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकते हो. कंपनीचा माणूस आज येतो, उद्या येतो, असं चाललंय. बघता का जरा?"

"लिफ्ट?" मी म्हणालो.

"तुम्ही लिफ्टचंच काम करता ना? भिंगरी सांगत असते. सत्तर मजल्यांची लिफ्ट म्हणे तुम्ही एका पान्याने चालू केलीत."

अशा वेळी शहाण्या माणसाने 'तुमचा काहीतरी गैरसमज होतोय' म्हणावं. मी भिंगरीकडे पाहिलं. ती बाकाखाली वाकून पेन्सिल शोधत होती आणि पेन्सिल तिच्या हातातच होती. तिचे कान लालबुंद झाले होते. ते कान पाहिले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बघतो की."

आता माझी ख्याती अशी, की घरातला दिवा बदलायचा असला तर मी स्टूल धरतो आणि बायको वर चढते. पण सर, शिपाई आणि सात-आठ पालक मागे उभे. मी लिफ्टच्या दारापुढे गेलो. काहीतरी करायला हवं म्हणून बोटाच्या पेराने दारावर टकटक केलं, कारण दात ठोकून बघायची सवय हाताला जडलेली. कान लावला. गंभीर चेहरा केला.

"वरवरचं आहे," मी म्हणालो. "मुळापर्यंत गेलेलं नाही."

आणि कावळा बसायला नि फांदी तुटायला एकच गाठ पडली. लिफ्ट आतून गुरगुरली, दार उघडलं, सर आत शिरले, चौथ्या मजल्यावर जाऊन न अडकता परत आले. पालकांनी टाळ्या वाजवल्या. एका गृहस्थाने माझा फोन नंबर मागितला, त्यांच्या बिल्डिंगमधलीही कुरकुरत होती म्हणे. मी त्यांना घाईघाईत नंबर दिला, तोही चुकीचा.

घरी परतताना आम्ही पहिलं वळण ओलांडलं. मग मी विचारलं, "लिफ्टच का गं?"

"मग काय सांगू?" भिंगरी फिस्कारली. "आमच्या वर्गात सगळ्यांच्या आया काय म्हणतात माहितीये? गप जेव, नाहीतर दातवाल्याकडे नेईन. लवकर झोप, नाहीतर दातवाला येईल. तो दातवाला म्हणजे तू! हे माझे बाबा आहेत असं सांगितलं तर माझ्याशी कोण खेळेल?"

"आणि लिफ्टवाल्याच्या मुलीशी खेळतात?"

"रांग लागते."

मला वाईट वाटलं. उगाच मोठेपणा कशाला, रडू येईल इतकं वाईट वाटलं. पण स्टेशनरीच्या दुकानापाशी, भर रस्त्यात, हातात मुलीचं दप्तर घेऊन रडणं बरं दिसलं नसतं. आणि तिचं चुकत तरी काय होतं? आमच्या भागातली मुलं माझ्याकडे येत ती गाल लिंबाएवढा सुजल्यावरच. तोवर आई लवंग लावते, आजी बर्फ लावते, बाप 'होईल बरं' म्हणतो. मग तीन रात्री घर जागतं आणि चौथ्या दिवशी पोराला दोघांनी धरून माझ्यापुढे आणतात. त्या अवस्थेत मी केलं ते दुखतंच. दुखलं की पोर बाहेर जाऊन दहा जणांना सांगतं, आणि ती दहा जणं गाल सुजेपर्यंत फिरकत नाहीत. खुद्द भिंगरी चार वर्षांची असताना एकदा दवाखान्यात आली होती. आत कोणीतरी टाहो फोडला आणि ही जी पळाली, ती थेट आईच्या दुकानात काउंटरखाली सापडली. त्यानंतर घरी ती रोज दोन वेळा न चुकता दात घासते, माझ्यावर पाळतही ठेवते, पण माझ्या खुर्चीत तिने कधी पाय ठेवलेला नाही. स्वतःच्या बापाचा दवाखाना टाळण्यासाठी इतक्या मनापासून दात घासणारं दुसरं मूल मी पाहिलेलं नाही.

"बाबा," घर आल्यावर ती म्हणाली, "पुन्हा शाळेत आलास तर मला ओळख दाखवायची नाही. घे शपथ."

"शपथ."

मी लगेच घेतली. मला वाटलं, मी पुन्हा कशाला जातोय तिथे!

इथे मावशींची ओळख करून द्यायला हवी. आमच्या दवाखान्यात मी डॉक्टर आहे आणि मावशी मालक आहेत. अवजारं उकळतात त्या, नंबर लावतात त्या, पेशंटला रागावतात त्या, आणि पेशंट नसला की मला रागावतात. दंतवैद्यांच्या संघटनेचं एक पत्र आलं होतं: प्रत्येक दवाखान्याने चालत जाता येईल अशी एक शाळा आपली मानावी, मुलांचे दात तपासावेत, घासायला शिकवावं, दुखायच्या आधी दवाखान्यात यायची सवय लावावी. मी ते पत्र वाचून, मान डोलावून, व्यवस्थित पेपरवेटखाली ठेवलं होतं. मावशींनी ते बाहेर काढलं.

"अगदी बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही का नाही केलंत अजून?"

"मावशी, शाळेची परवानगी लागते. सहा महिने जातात त्यात."

सहा महिने कसले, सहा दिवसही गेले नाहीत. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, दाढ भरायला आल्या. त्यांच्या तोंडात कापसाचे चार बोळे, थुंकी ओढणारी नळी, माझा आरसा आणि माझी दोन बोटं. नेमक्या त्याच वेळी मावशी कॅलेंडर घेऊन खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या.

"बाई, शाळेत शिबिर घेऊ ना आम्ही?"

"आं, आं."

"पुढच्या मंगळवारी चालेल?"

"आं!"

"तिसरीपासून सुरुवात करू. निम्मे दात दुधाचे, निम्मे पक्के. आत्ता शिकवलं की जन्माचं होतं."

"आंऽऽ!"

बोळे काढल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, मी थुंकायचंय म्हणून सांगत होते!" पण तोपर्यंत कॅलेंडरवर लाल गोल झाला होता. आणि आमच्या दवाखान्यातला लाल गोल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण ती शाळा भिंगरीची आणि तिसरीही भिंगरीचीच.

मी घरी भिंगरीला सांगितलं. मग तिने वकिलासारखे प्रश्न सुरू केले.

"तोंडावर मास्क लावशील?"

"लावीन."

"काढणार नाहीस?"

"जीव गेला तरी नाही."

"सरांशी बोलायचं नाही. त्यांना तुझा आवाज कळेल. मावशीला बोलू दे."

"मावशी तसंही दुसऱ्या कोणाला बोलू देत नाहीत."

"आणि माझ्याकडे बघायचं नाही. चुकूनसुद्धा." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "बाबा, खरंच नको हं. मला मग कोणी घेणार नाही खेळायला."

मी पुन्हा शपथ घेतली.

मंगळवारी आम्ही निघालो. मी पांढरा कोट, टोपी, डोळ्यांपर्यंत मास्क, असा बंदोबस्तात. मावशींच्या काखेत प्लॅस्टरचा भलामोठा जबडा, खांद्यावर हातभर लांबीचा ब्रश, आणि पिशवीत गोळ्यांची बरणी. रस्त्यात एक कुत्रा आम्हाला पाहून भुंकायचा थांबला आणि बाजूला झाला.

वर्गात शिरलो तर चौतीस मुलं आणि चिडीचूप शांतता. इतकी शांत तिसरी मी जन्मात पाहिली नव्हती. सरांनीही पाहिली नसावी, ते फार खूश दिसत होते. पहिल्या बाकावरच्या, पुढचे दोन दात पडलेल्या मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मागे एक गोलमटोल मुलगा बाकाखाली गेला होता, त्याचे फक्त बूट दिसत होते. तिसऱ्या बाकावर कोण बसलंय हे मी पाहिलं नाही. शपथेवर सांगतो, पाहिलं नाही. फक्त तिची दोन वेण्यांची टोकं वहीवर पडली होती, एवढंच दिसलं.

मावशींनी मला ढोसलं, तेव्हा मी आवाज बदलून, जाडाभरडा करून, भाषण सुरू केलं. साखर, जंतू, दाताचा वरचा थर, आतली नस. मास्कमधून ते बहुधा नुसतं घूंघूं ऐकू येत होतं. नस म्हटल्यावर कोणीतरी मुसमुसू लागलं. मी म्हणालो, "चला, आता सगळ्यांनी आ करा बघू." चौतीस तोंडं अधिकच घट्ट मिटली. बाकाखालचे बूटही आत ओढले गेले.

मावशींचा संयम मुळातच बेताचा. "राहू द्या ते भाषण," त्या म्हणाल्या आणि बरणी उघडली. "ऐका रे पोरांनो! ही गोळी. ही चावायची, तोंडात घोळवायची, चूळ भरायची. मग दातांवर जिथे जिथे कीटण, तिथे तिथे रंग चढतो. कालचं कीटण गुलाबी दिसतं, जुनं मुरलेलं जांभळं. आधी डॉक्टर खाऊन दाखवतील, म्हणजे स्वच्छ दात कसे असतात ते तुम्हाला कळेल. काढा हो मास्क."

मी मान हलवली. भुवया हलवल्या. मावशींच्या पायावर पाय दिला.

"लाजतात ते," मावशींनी वर्गाला सांगितलं, आणि माझ्या कानावरचं इलॅस्टिक ओढलं.

मास्क गळ्यात आला. मी झटकन सरांकडे पाठ केली, गोळी तोंडात टाकली, चावली, घोळवली, मावशींनी धरलेल्या कपातून चूळ भरली. मनात म्हटलं, एक क्षण दात दाखवायचे आणि लगेच मास्क वर. आणि दातांची मला कसली चिंता? सोळा वर्षं लोकांना दात घासायला सांगतोय. मी वर्गाकडे वळलो आणि दाढांपर्यंत हसलो.

मग पहिल्या बाकावरच्या, त्या दोन दात पडलेल्या बोबडीने तोंडावरचे हात काढले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "ई!"

मावशींनी हातआरसा माझ्यापुढे धरला. काय सांगू! पुढचे दात ठीक होते. पण खालच्या दातांच्या फटी जांभळ्या, हिरड्यांच्या कडा जांभळ्या, आणि मागच्या दाढा तर शाईची दौत चावल्यासारख्या. गुलाबी औषधालाही नव्हतं, सगळा जुना माल. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सकाळी दवाखान्याची घाई, रात्री डोळ्यांवर झापड, आणि दिवसभर तोंडावर मास्क, बघणार कोण? इतकी वर्षं मी मास्कच्या आड सुखाने घाणेरडा होतो.

"डॉक्टरचे दात घाण!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि वर्ग फुटला.

बाकं बडवली गेली. कोणी हसून हसून खाली पडलं. बाकाखालचा गोलमटोल मुलगा रांगत थेट माझ्या पायांशी आला, कारण त्याला जवळून बघायचं होतं. "जांभळं म्हणजे आजचं नाही!" त्याने सगळ्यांना समजावलं. "मावशी म्हणाल्या ना, जांभळं म्हणजे जुनं! काका किती दिवस घासत नाहीत कोण जाणे!" माझ्या वीस मिनिटांच्या भाषणातलं एक अक्षर त्यांना कळलं नव्हतं, आणि हे मात्र एका झटक्यात पाठ झालं होतं. बोबडी पुढे येऊन माझ्या तोंडात डोकावत होती, तिचं स्वतःचं तोंड सताड उघडं होतं, आणि तिच्या दाढा मला न मागता दिसत होत्या. सर मात्र हनुवटीला हात लावून माझ्याकडे टक लावून बघत होते. यांना कुठेतरी पाहिलंय, असा त्यांचा चेहरा होता.

"हसता काय नुसते?" मावशी म्हणाल्या. त्यांना मनातून उकळ्या फुटत होत्या, मी ओळखतो त्यांना. "शिकवा की यांना!" त्यांनी मला एका बुटक्या स्टुलावर बसवलं, हातात ब्रश दिला, पेस्ट लावली.

मग चौतीस गुरू एकदम सुरू झाले. वर! खाली! आत! जीभ राहिली! डावीकडे! तुमची डावी हो, आमची नाही! मी घाबरून जोरजोरात आडवा ब्रश मारत होतो. फेस हनुवटीवरून कोटावर ओघळत होता, तोही जांभळा. गोलमटोल आकडे मोजत होता आणि बारानंतर पुन्हा सातवर येत होता.

"असं नाऽऽही!"

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. भिंगरी तिसऱ्या बाकावर उभी होती. बाकापाशी नाही, बाकावर.

"आडवं नाही घासायचं! गोल गोल! हिरडीपासून! आणि मागची दाढ परत राहिली! रोज सांगते मी तुला, बाबा, रोज!"

वर्ग थांबला. ब्रशही थांबला. चौतीस वजा एक डोकी तिच्याकडे वळली, आणि भिंगरीने आपल्याच तोंडावर हात दाबला.

मी काय करणार? शपथ ती शपथ. मी खिडकीकडे बघितलं आणि फेसातून म्हणालो, "मी या मुलीला ओळखत नाही."

"पण ती तुम्हाला बाबा म्हणाली," गोलमटोल म्हणाला.

"चुकून म्हणाली असेल."

खोटं बोलताना इतका त्रासलेला मी कधीच नव्हतो. लिफ्टपुढेही नाही. मला खरं तर ओरडून सांगावंसं वाटत होतं, की माझीच आहे ती, गोल गोल घासायला मीच शिकवलंय तिला, ती तीन वर्षांची असताना, मोरीच्या काठावर उभी करून. पण मी खिडकीबाहेरचं झाड बघत बसलो आणि माझी पोर बाकावर एकटी उभी राहिली. तिला सुटायचं असतं तर सुटता आलं असतं. 'चुकून म्हणाले' एवढंच म्हणायचं होतं, मी वाट मोकळी करून ठेवली होती.

"ओळखतो तो," भिंगरी म्हणाली. तिचा ओठ थरथरत होता, पण आवाज चढाच होता. "माझेच बाबा आहेत. दातांचे डॉक्टर आहेत. लिफ्टचं मी खोटं सांगितलं होतं."

"लिफ्ट!" सरांनी कपाळावर हात मारला. "तरीच म्हटलं! अहो, पण मग आमची लिफ्ट कोणी दुरुस्त केली?"

"मी कुठे काय केलं?" मी म्हणालो. "मी फक्त तिला आ करायला लावलं."

सर आधी हसले, मग वर्ग, मग मावशी, आणि मावशी हसल्या की खिडकीच्या काचा हलतात. भिंगरी मात्र हसत नव्हती. ती मुलांकडे बघत होती, एकेकाच्या चेहऱ्याकडे, आता काय होतंय म्हणून.

बोबडी तिच्या बाकापाशी गेली. "तू रोज डॉक्टरला ओरडतेस?"

"रोज. दोनदा."

"आणि ते ऐकून घेतात?"

"घेतात. पण घासत नाहीत नीट. बघितलंस ना."

बोबडीने वर्गाकडे वळून ही बातमी अशा काही थाटात सांगितली, की लिफ्टचे सत्तर मजले त्यापुढे खुजे ठरले. डॉक्टरला ओरडायला मिळतं! दिवसातून दोनदा! गोलमटोल म्हणाला, "मला एकदा ओरडू देशील?" भिंगरीने जरा विचार करून परवानगी दिली. त्याने लगेच तिथल्या तिथे मला ओरडून घेतलं, आणि त्याच्यामागे रांग लागली.

त्यानंतर गोळ्या पुरवता पुरवता मावशींची दमछाक झाली. सगळ्यांना आपले दात किती जांभळे ते बघायचं होतं. ज्यांचे कमी निघाले ते खट्टू झाले. हातआरशासाठी मारामारी झाली, नळापाशी गर्दी झाली, चौतीस गुलाबी-जांभळी तोंडं एकमेकांना दाखवत पळत सुटली. गलका ऐकून मोठ्या बाई आल्या आणि दारातच थिजल्या. "बाईंना पण गोळी!" अशी आरोळी उठताच त्यांनी तोंडावर पदर धरला आणि काढता पाय घेतला. मी मात्र त्या धांदलीत मुलांच्या तोंडात एकामागून एक बघून घेतलं. सतरा किडलेल्या दाढा निघाल्या, एकही अजून दुखत नव्हती, आणि मला नाचावंसं वाटलं, कारण न दुखणारी कीड बघायला मिळणं ही आमच्या धंद्यातली चैन असते.

निघताना गोलमटोलने अडवलं. "आता तुमचे दात परत कधी तपासायचे?"

"शनिवारी सकाळी, दवाखान्यात," मावशींनी ठोकून दिलं. "आधी डॉक्टर आ करतील. मग तुम्ही."

मला वाटलं होतं, कोण येतंय. पण शनिवारी नऊच्या आत अकरा मुलं हजर. त्यांनी आईबापांना हाताला धरून ओढत आणलं होतं, आणि आईबाप 'आम्हाला काम आहे रे' म्हणत दारात अडखळत होते. मी सकाळपासून चार वेळा दात घासले होते. मी माझ्याच खुर्चीत आडवा झालो, गोळी चावली, आणि अकरा जणांनी आरसा फिरवून फिरवून माझी तपासणी केली. भिंगरी खुर्चीशेजारी तक्ता घेऊन उभी होती. एका सुळ्याच्या मागे एक गुलाबी ठिपका मिळाला, त्यावर बरीच चर्चा होऊन मला पास करण्यात आलं.

मग मी उतरलो आणि खुर्ची रिकामी झाली. सगळे एक पाऊल मागे सरकले. माझे दात बघणं वेगळं आणि तिथे स्वतः चढणं वेगळं. दाराच्या चौकटीला बोबडीची धाकटी बहीण धरून उभी होती, असेल पाचेक वर्षांची. तिने भिंगरीला विचारलं, "तायडे, दुखतं का गं?"

सगळी भिंगरीकडे बघू लागली. तिलाच माहीत असणार, तिचे बाबा. भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. मी पटकन 'छे छे, मुळीच नाही' म्हणणार होतो, सोळा वर्षांची सवय. पण तिच्या नजरेने मला गप्प केलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी कधी बसलेच नाही." तक्ता तिने मावशींच्या हातात दिला. "थांब, बघून सांगते."

आणि ती चढली. चपला न काढताच. मावशी त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत.

तिने आ केला. मी आत बघितलं, तर डाव्या बाजूच्या दुधाच्या दाढेत बारीकसा काळा ठिपका. इतकं घासूनसुद्धा. मला लपवता आलं असतं, अकरा मुलांसमोर माझी लाज राखता आली असती. पण मी सांगितलं. "एक लहानशी कीड आहे. आत्ता काढली तर पाच मिनिटांचं काम. घर्र असा आवाज येईल. थोडं झिणझिणेल, कदाचित थोडं दुखेलही. तू हात वर केलास की मी थांबेन."

"लगेच?"

"लगेच."

मशीन सुरू केलं. तिच्या मुठी घट्ट वळलेल्या होत्या. दोन सेकंदांत हात वर. मी थांबलो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा हात वर, पुन्हा थांबलो. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मुलं मोजत होती. मावशींनी डोळे मिटून घेतले होते. पाचव्यांदा हात वर गेला तेव्हा मी मशीन बाजूला ठेवलं.

"फार दुखतंय का गं?" मी विचारलं.

"नाही," भिंगरी म्हणाली. "दुखतच नाहीये."

"मग हात कशाला वर करतेस?"

"तू थांबतोस का ते बघत होते."

मग तिने दोन्ही हात पोटावर ठेवले, डोळे मिटले आणि मोठा आ केला.